संग्रह कीं सांठा ?

गेल्या दिवाळींत एका सुविद्य गृहस्थांच्या घरीं फराळास जाण्याचा योग आला. फराळ आटोपल्यावर यजमानांनीं आपला 'चांदीचा संग्रह' दाखविण्यासाठीं मला मोठ्या उत्साहानें आंतल्या खोलींत नेलें. कांचेच्या कपाटांत मखमलीवर चांदीच्या लहानमोठ्या लगडी ओळीनें मांडून ठेवल्या होत्या : दहा ग्रॅमांच्या, पन्नास ग्रॅमांच्या, शंभर ग्रॅमांच्या, आणि मधोमध एक किलोची वीट. प्रत्येकीवर शुद्धतेचा ९९९ हा आंकडा, वजन व अनुक्रमांक कोरलेला. कांहींवर गणपति, कांहींवर लक्ष्मी. पाहुण्यानें दाखविलेली वस्तु हातांत घेऊन पाहावी अशी रीत आहे, म्हणून मीं एक उचलून पाहिली, दुसरी उचलून पाहिली. तिसरींत पाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. इतक्यांत यजमान सहज म्हणाले, "ह्यांतल्या बऱ्याचशा आजीच्या डब्यांतल्या जुन्या रुपयांच्या बदल्यांत आल्या आहेत. चाळीसएक रुपये होते. कांहींवर फारसी कीं काय अक्षरें होतीं. सराफानें वजनावर घेतले. नाहीं तरी ते काळेच पडले होते."

मीं पानसुपारी घेतली आणि घरीं आलों. त्या वेळीं मी कांहीं बोललों नाहीं ह्याची मला लाज वाटते. पाहुण्याच्या तोंडून जें निघालें नाहीं तें लेखणींतून निघावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. ते गृहस्थ हा लेख वाचतील अशी मला आशा आहे. आणि ते एकटे नाहींत, म्हणूनच तो लिहिण्याचें कारण पडलें.

आधींच सांगून टाकतों कीं, चांदी विकत घेऊन ठेवण्याविरुद्ध माझें कांहीं एक म्हणणें नाहीं. संसारी माणसानें अडीअडचणीसाठीं चार पैसे बाजूस टाकावे. ते पेढीवर ठेवावे, जमिनींत घालावे कीं चांदींत, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. धनत्रयोदशीस घरांत थोडी चांदी आणण्याची चाल जुनी आहे व ती निरुपद्रवी आहे. माझें भांडण आहे तें सांठ्यानें संग्रहाचें नांव धारण करण्याशीं. कोणी म्हणेल, नांवांत काय आहे ? पण ह्या ठिकाणीं नांवांतच सारें आहे. सांठ्याला संग्रह म्हटलें, कीं सांठा करणाऱ्यास आपण रसिक आहों असें वाटूं लागतें. आणि खऱ्या संग्रहाच्या वस्तु मोडून त्यांचा सांठा करतांना आपण कांहीं गमावीत आहों ही शंकाही त्याच्या मनास शिवत नाहीं. उलट काळें गेलें आणि पांढरें आलें, असें त्याला समाधान वाटतें !

संग्रह आणि सांठा ह्यांतील भेद ओळखण्याची कसोटी अगदीं सोपी आहे. तुमच्या कपाटांतील एक वस्तु हरवली आणि तिच्याच वजनाची दुसरी तिच्या जागीं आणून ठेवली, तर तुमचें कांहीं गेलें काय ? गेलें नसेल, तर तो सांठा. गेलें असेल, तर तो संग्रह. कणगींतला एक दाणा दुसऱ्या दाण्यासारखा असतो, व तसाच तो असावा लागतो. पण ग्रंथसंग्रहांतील एक पोथी गेली तर तितक्याच पानांची दुसरी पोथी तिची जागा भरून काढीत नाहीं. सांठा वाढला म्हणजे बेरीज वाढते. संग्रह वाढला म्हणजे समज वाढते. यजमानांच्या कपाटांत बेरीज होती. समज ज्या डब्यांत होती तो डबा सराफाच्या तराजूंत रिकामा झाला होता.

ह्यावर लगडींचे कैवारी म्हणतात कीं, लगडींतही विविधता असते. निरनिराळ्या कारखान्यांचे शिक्के, निरनिराळीं चित्रें, निरनिराळे घाट. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत खासगी टांकसाळींनीं सणांचीं, आगगाड्यांचीं, पुढाऱ्यांचीं चित्रें उठविलेल्या एकएक औंसाच्या लगडी काढल्या, आणि त्या जमविण्याची तिकडे एक साथच आली. पुढें १९८० सालीं चांदीचा भाव चढतांच त्यांतल्या कितीएक लगडी त्यांच्याच हौशी मालकांनीं मुशींत घातल्या. ज्या वस्तूवर मालकाचें प्रेम भाव चढेपर्यंतच टिकतें, त्या वस्तूचा संग्रह झाला होता असें म्हणणें धाडसाचें आहे. लगडीवरील चित्र हें मिठाईच्या पुड्यावरील चित्रासारखें असतें; तें खपासाठीं असतें, साक्षीसाठीं नसतें. लगड आपल्याविषयीं दोनच गोष्टी सांगते : मी किती आहें आणि किती शुद्ध आहें. ह्यापलीकडे तिला वाचा नाहीं.

आतां नाण्याकडे पाहूं. दूरची गोष्ट नको. मध्यम स्थितींतील कोणत्याही जुन्या घरांतला पितळी डबा घ्या. त्यांत १८३५ सालचा कंपनीचा रुपया निघाला, तर त्यावर विल्यम राजाचें मस्तक दिसेल. ही साधी गोष्ट नव्हे. त्या सालापर्यंत कंपनी सरकार अर्ध्या हिंदुस्थानाचें धनी होऊनही आपल्या रुपयांवर दिल्लीच्या शहाअलमाचें नांव घालीत होतें. १८३५ सालीं तिनें तो बुरखा फेकून दिला, आणि साऱ्या मुलुखास १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकच रुपया लागू केला. त्याच डब्यांत १८४० चा रुपया असेल तर त्याच्या एका बाजूस व्हिक्टोरिया राणी व दुसऱ्या बाजूस कंपनीचें नांव आहे. १८६२ च्या रुपयावर राणी आहे, पण कंपनी नाहीं. मध्यें सत्तावनचें साल येऊन गेलेलें आहे. १८७७ पासून राणी बादशाहीण झाली तीही रुपयावर वाचावी. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगावरील मानचिन्हांत जो हत्ती कोरला होता तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, आणि सरकारास पुढल्याच सालीं ठसा बदलावा लागला. १९४० च्या रुपयांत चांदी निम्मी उरली, कारण महायुद्ध पेटलें होतें; आणि १९४७ च्या रुपयांत चांदीच नाहीं, तो निकेलचा आहे. शंभरसव्वाशे वर्षांचा राज्यकारभार, दोन महायुद्धें, एक बंड आणि एका साम्राज्याची ओहोटी एवढें सगळें त्या डब्यांत होतें. त्याला शाळेची फी पडत नव्हती. फक्त डोळे उघडून पाहावें लागत होतें.

आणि 'फारसी कीं काय' अक्षरें असलेल्या रुपयांची गोष्ट तर ह्याहून मोठी आहे. पुण्याकडील टांकसाळींतून निघालेला अंकुशी रुपया घ्या. त्यावर फारसी लिपींत नांव आहे तें मोगल बादशहाचें. पण त्याच्या अंगावर जो लहानसा अंकुश आहे तो मराठ्यांच्या टांकसाळीची खूण आहे. ज्या बादशहाच्या तख्तापर्यंत मराठ्यांच्या फौजा जाऊन पोंचल्या, त्याच्याच नांवानें मराठे रुपया पाडीत होते ! सत्ता आपली, नांव दुसऱ्याचें : अठराव्या शतकांतील हिंदुस्थानचें सारें राजकारण एका तोळ्याच्या आंत बाहेर सामावलेलें आहे. इतिहासाच्या पुस्तकांतलीं दहा पानें वाचून जें विद्यार्थ्याच्या ध्यानांत येत नाहीं, तें हा रुपया तळहातावर ठेवून एका क्षणांत समजावितां येतें. असे रुपये यजमानांच्या डब्यांत किती होते ? कोणाला ठाऊक नाहीं. मोजले होते, वाचले नव्हते.

येथें सराफांविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. सराफ ह्या शब्दाचा मूळ अर्थच नाणीं पारखून बदलून देणारा असा आहे. पेशवाईंत आणि त्यानंतरही बरेच दिवस बाजारांत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती अशा नाना रुपयांची गर्दी असे, आणि एकाचा दुसऱ्याशीं बट्टा ठरविणें हा सराफाचा धंदा होता. रुपया हातांत पडतांच तो कोणत्या टांकसाळीचा, किती झिजलेला, कितीला चालेल हें तो सांगे. आणि पारख झाल्याची खूण म्हणून कित्येकदां त्यावर आपला बारीकसा ठोकाही उठवी. म्हणजे त्या काळीं नाणीं वाचणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेंत एक तरी असे. आज त्याच नांवाचा दुकानदार नाणें उलटूनही पाहत नाहीं. तें कांट्यावर टाकतो आणि आंकडा सांगतो. ह्यांत सराफाचा दोष थोडा, गिऱ्हाइकाचा अधिक. गिऱ्हाइकच जर वजनाखेरीज दुसरें कांहीं विचारीत नाहीं, तर दुकानदारानें त्याला इतिहास कां शिकवावा ?

चांदी तोलणाऱ्या माणसाला अक्षर दिसूं नये, असा कांहीं सृष्टीचा नियम नाहीं. जेम्स प्रिन्सेप हा गृहस्थ पेशानें काय होता ? टांकसाळींतला कस पाहणारा अधिकारी. प्रथम काशीच्या व नंतर कलकत्त्याच्या टांकसाळींत चांदी शुद्ध आहे कीं नाहीं हें ठरविणें हें त्याचें रोजचें काम. वजनांत आणि मापांत तर तो इतका काटेकोर होता, कीं केंसाएवढा फरक दाखविणारा तराजू त्यानें स्वतः योजून घेतला. कलकत्त्यास त्याच्या आधीं त्याच जागेवर असलेला होरेस विल्सन हा मेघदूताचें इंग्रजी भाषांतर करणारा संस्कृतज्ञ होता. ह्या प्रिन्सेपनें जुनीं नाणीं व जुने शिलालेख शेजारीं शेजारीं ठेवून १८३७ सालीं ब्राह्मी लिपि वाचली, आणि दोन हजार वर्षें मुका राहिलेला अशोक बोलूं लागला. चांदीचा कस कळणें आणि नाण्याचा अर्थ कळणें ह्यांत विरोध नाहीं, हें त्याच्या उदाहरणानें सिद्ध झालें आहे. आमच्या लगडीवाल्या मित्रांना कस पुरेपूर कळतो. त्यांनीं दुसरें पाऊल टाकावें एवढीच विनंति आहे.

नाणें आटविल्यानें नेमकें काय बुडतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं आपल्याच महाराष्ट्रांतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी नांवाचें गांव आहे. तेथें १९०६ सालीं जमिनींतून चांदीच्या नाण्यांचा एक मोठा ठेवा निघाला. रेव्हरंड स्कॉट ह्यांनीं त्यांतील सुमारें १३,२५० नाणीं तपासलीं. तीं सारीं क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं होतीं. परंतु त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर, नहपानाच्या मुखवट्यावरच, दुसऱ्या एका राजाचा ठसा मारलेला आढळला. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णि. आतां नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे, आणि आपल्या पुत्रानें क्षहरातांचें निर्मूलन करून सातवाहनांचें यश पुन्हां स्थापिलें असें त्यांत ती म्हणते. पण तो शेवटीं आईनें मुलाचा केलेला गौरव ! शंकेखोर इतिहासकारानें त्यांतला किती भाग खरा धरावा ? त्या शंकेला ह्या नाण्यांनीं उत्तर दिलें. पराभूत राजाच्या चलनावर विजयी राजानें हजारोंनीं उमटविलेल्या ठशांहून अधिक निःपक्षपाती साक्षीदार कोणता असूं शकेल ? महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासांतील एक मोठा विजय त्या दिवशीं कवितेंतून उठून प्रमाणांत येऊन बसला.

आतां हाच ठेवा तराजूंत घालून पाहा. ह्या जातीचें एक नाणें सुमारें दोन ग्रॅम भरतें. तेव्हां १३,२५० नाण्यांची चांदी झाली पंचवीस-सव्वीस किलोंच्या घरांत. आज वायदेबाजारांत चांदीचा मोठा सौदा तीस किलोंचा असतो. म्हणजे नहपान आणि गौतमीपुत्र, त्यांच्या लढाया, ब्राह्मी, खरोष्ठी व ग्रीक अशा तीन लिप्यांतील लेख, हें सर्व एका मुशींत ओतलें असतें तर त्याची एक नेहमींची वीटही पुरती भरली नसती ! त्या काळीं ती मूस पेटली असती तर तुम्हांआम्हांला कळलेंही नसतें, कारण जें आटलें त्याची उणीव भासण्यासाठीं तें होतें हें तरी आधीं माहीत असावें लागतें. वितळलेल्या नाण्याचें दुःख हेंच कीं, त्याचें सुतक कोणालाच लागत नाहीं.

मुशीची भूक किती मोठी असते ह्याचा हिशेबही उपलब्ध आहे. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत रुपयांचा इतका तुटवडा पडला, कीं १९१७ च्या नोव्हेंबरांत सरकारास एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. तेवढ्यानेंही भागेना, तेव्हां १९१८ सालीं अमेरिकेनें पिटमन ह्यांच्या नांवाचा कायदा करून आपल्या खजिन्यांतील सत्तावीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर आटविले. त्यांपैकीं सुमारें एक्याण्णव लाख अधिक पंचवीस कोटी डॉलरांची चांदी इंग्लंडास विकली गेली ती हिंदुस्थानासाठींच. आपल्या आजोबांच्या पगारांतील कितीतरी रुपये ह्या डॉलरांचे पुनर्जन्म असतील. आणि कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर त्या वेळीं नाहींसे झाले ह्याची नोंद ठेवण्याचें कोणास सुचलें नाहीं. तेथील अभ्यासकांना ती उणीव आजही जाचते. पुढें १९४० नंतर थोड्याच वर्षांत आपल्याकडील शुद्ध चांदीचे जुने रुपये चलनांतून परत घेण्यांत आले. मग १९७९-८० चा प्रसंग. टेक्सासमधील हंट बंधूंनीं चांदीचा प्रचंड सांठा केला आणि औंसाला सहा डॉलरांच्या आसपास असलेला भाव १९८० च्या जानेवारींत पन्नासाच्या घरांत नेला. तेव्हां घरोघरचीं नाणीं, चमचे, ताटें मुशीपुढें रांगेनें उभीं राहिलीं. २७ मार्च १९८० ह्या दिवशीं भाव कोसळला. श्रीमंतांचें नुकसान कालांतरानें भरून निघालें असेल. आटलेलें नाणें परत आलें नाहीं. आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत चांदीनें तें १९८० चें शिखर ओलांडलें. भाव चढला कीं मूस पेटते हा नियम आहे. म्हणूनच हा विषय आज बोलण्याचा आहे. डबे रिकामे झाल्यावर बोलून उपयोग नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप असा कीं, इतिहासासाठीं संग्रहालयें आहेत. गृहस्थानें ती उठाठेव कां करावी? संग्रहालयें आहेत हें खरें. मुंबईस रिझर्व्ह बँकेनें २००४ सालीं नाण्यांचें संग्रहालय उघडलें. नाशिकजवळ अंजनेरी येथें १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. पण संग्रहालयांत नाणीं पिकत नाहींत. शेतकऱ्याच्या नांगरानें जें वर काढलें आणि गृहस्थाच्या डब्यानें जें जपलें तेंच तेथें जाऊन पोंचतें. जमिनींत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडला तर जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलें आहे; शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें व तें परदेशीं नेतां येत नाहीं. पण आपल्याच घरांत आपल्याच हातानें अज्ञानापायीं जें मोडलें जातें त्याला कोणता कायदा आवरणार ?

दुसरा आक्षेप : व्हिक्टोरियाचे रुपये कोट्यवधि पाडले गेले, त्यांतले चाळीस गेले तर काय बिघडलें? सुटें सुटें पाहिलें तर फारसें बिघडलें नाहीं, हें मी मान्य करतों. प्रत्येक रुपया दुर्मिळ असतो असें सांगणारा मनुष्य एक तर व्यापारी असतो, नाहीं तर भोळा. पण एका घरचा डबा हा सुट्या रुपयांचा ढीग नसतो. तो एका कुटुंबाच्या येण्याजाण्याची नोंदवही असतो. कोंकणांतल्या घरीं सुरती रुपये कां निघाले ? देशावरल्या वाड्यांत निजामाचे हालीसिक्के कसे आले ? पणजोबा कोठें चाकरीस होते, कोणत्या पेठेशीं त्यांचा व्यवहार होता, ह्याचें उत्तर कित्येकदां त्या डब्याशिवाय दुसरें कोठेंही लिहिलेलें नसतें. डबा फुटून त्याचे रुपये चार ठिकाणीं गेले कीं तें उत्तर पुसलें गेलें, मग ते रुपये आटोत कीं न आटोत.

तिसरा आक्षेप संग्राहकांवरचाच आहे, आणि तो मला खोडतां येत नाहीं. नाणीं जमविणाऱ्यांनीं केलेलें नुकसान कमी नाहीं. सांपडलेला ठेवा चोरून फोडणें, त्यांतलीं ठसठशीत नाणीं तेवढीं निवडून घेणें, तीं कोठें सांपडलीं हें लपविणें, हीं पापें हौशी श्रीमंतांनींच केलेलीं आहेत. कित्येक भाविक हात चिंच आणि रांगोळी घेऊन नाणें इतकें घांसतात, कीं राजाबरोबर त्याचें नांवही जातें. कित्येक त्याला कडी जडवून गळ्यांत घालतात. लगड मुकी असते, पण असला संग्राहक बोलणाऱ्याचें तोंड दाबतो. दोघांत अधिक दोषी कोण हें वाचकांनींच ठरवावें. एवढेंच म्हणतों कीं, वाईट संग्राहकावर उपाय चांगला संग्राहक हा आहे, मूस हा नव्हे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. घरांत आजारपण आलें, मुलीचें शिक्षण अडलें, आणि हाताशीं आजीचे चाळीस रुपये आहेत. अशा वेळीं त्या गृहस्थाला गौतमीपुत्र सातकर्णीचें पुराण सांगणार काय? नाहीं सांगणार. भुकेल्यापुढें प्रवचन करणें हा क्रूरपणा आहे. आजीनें ते रुपये ठेवले तेच मुळीं अडल्या वेळेसाठीं; ते त्या कामीं आले तर तिचा आत्मा सुखावेलच. पण अशा गृहस्थालाही मी सांगेन, बाबा रे, विकायचेच तर वजनावर विकूं नकोस. वाचणाऱ्याला दाखव आणि ठेवणाऱ्याला वीक. पुष्कळदां चांदीच्या भावाहून दोन पैसे अधिकच पदरांत पडतील. शिवाय लक्षांत ठेवावें, कीं माझे यजमान अडलेले नव्हते. त्यांनीं रुपये मोडून औषध आणलें नाहीं, लगडी आणल्या. चांदी देऊन चांदीच घेतली, आणि मध्यें घटीसह जें आटून गेलें त्याला त्यांनीं मळ असें नांव दिलें.

येथपर्यंत मी दुसऱ्याच्या कपाटावर बोललों. आतां माझ्या घरचें सांगतों. बावीस वर्षांपूर्वीं घरांत बारसें होतें, आणि बाळाला चांदीची वाटी करावी असें ठरलें. आजोबांच्या पूजेच्या पेटींत आठ जुने रुपये होते. मींच ते काढून सोनाराकडे नेले. वाटीला सात पुरले. आठवा परत आला तो पुन्हां पेटींत टाकला. पुढें कांहीं वर्षांनीं एका जाणत्या स्नेह्यानें तो पाहिला आणि चांदवडी म्हणून ओळखला; त्यांनीं विचारलें, "बाकीचे कोठें आहेत ?" मीं वाटी आणून त्यांच्यापुढें ठेवली. त्यांनीं ती हातांत घेतली, उलटी करून पाहिली, आणि कांहीं न बोलतां परत दिली. ते सात रुपये चांदवडीच होते, कीं आणखी कोठले, माझे आजोबा ते कोठून घेऊन आले, हें सांगणारें आतां कोणी नाहीं. वाटीला चकाकी उत्तम आहे. यजमानांपुढें माझें तोंड उघडलें नाहीं त्याचें एक कारण ती वाटी आहे.

म्हणून उपदेशाचा अधिकार मला नाहीं, अनुभवाचा आहे. ज्यांच्या घरीं असा डबा असेल त्यांनीं ह्याच आठवड्यांत तो उघडावा. नाणीं घांसूं नयेत, धुऊं नयेत. चांदीवरचा काळिमा हा तिचा अपमान नव्हे, तें तिचें वय आहे. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. वजन आणि रुंदी टिपावी. तें कोणाकडून आलें, कोणत्या गांवचें, हें घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून लिहून ठेवावें, आणि तो कागद नाण्याबरोबर राहूं द्यावा. मुलांना एक एक अक्षर लावायला बसवावें. एवढें केलें म्हणजे पुढें तें नाणें कोणत्याही संकटांत गेलें, तरी सगळें जाणार नाहीं. ह्याला खर्च पडत नाहीं, आणि संग्रह ह्या शब्दाला शोभेल असें काम पदरीं पडतें.

आणि लगडीवाल्या मित्रांना शेवटीं त्यांच्याच बोलण्याची आठवण देतों. नाणें मोडूं नका म्हटलें कीं ते म्हणतात, चांदी ती चांदी. नाण्यांतली काय आणि विटेंतली काय! अगदीं बरोबर. मग जेव्हां मोडण्याची वेळ येईल तेव्हां वीट मोडा. भाव तोच मिळेल, तोंडमिळवणी तीच होईल, आणि आजीचा डबा जागच्या जागीं राहील.